साठी बुद्धी नाठी? आधी रक्त तपासा!

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जेवण झालंय, पंखे फिरताहेत आणि भाषण डॉक्टरचं आहे. त्यामुळे कोणाला डुलकी लागली तर ती मी आजाराची खूण धरणार नाही. वर्गात सरांनी धरली असती!

सकाळपासून एक वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. "अगं, चेहरा ओळखीचा आहे, नाव अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही." आणि लगेच पुढचं वाक्य, "साठी झाली ना, बुद्धी नाठी!" मग सगळे हसले. मीही हसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी भेटलेल्या माणसाचं नाव पटकन न आठवणं हा आजार नाही. पण ही म्हण मी दवाखान्यातही ऐकते आणि तिथे मला हसू येत नाही. कारण या एका म्हणीमुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तपासणीच होत नाही. "वय झालं, असंच चालायचं" म्हणून विषय संपतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, की म्हातारपणातलं सगळंच विसरणं वयामुळे नसतं. त्यातलं काही रक्तात एका जीवनसत्त्वाची कमतरता झाल्यामुळे असतं. ते एका साध्या तपासणीत सापडतं आणि वेळेवर सापडलं तर बरं होतं. उशीर झाला तर मात्र पूर्ण बरं होत नाही.

त्या जीवनसत्त्वाचं नाव बी-१२.

आधी त्याचं काम समजून घेऊ. आपल्या नसांवर एक आवरण असतं. विजेच्या तारेवर रबर असतं तसं. ते आवरण नीट राहावं म्हणून बी-१२ लागतं. ते रबर उडालं की तार तुटलेली नसते, पण करंट धड पोचत नाही. पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रक्ताच्या तांबड्या पेशी तयार व्हायलाही बी-१२ लागतं. ते कमी पडलं की पेशी कमी आणि आकाराने मोठ्या होतात, माणूस पांढरट दिसतो, दम लागतो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते. आणि मेंदूवर परिणाम झाला की विसरणं वाढतं, विचार संथ होतो, माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प होतो. कधी भ्रमही होतात. लक्षात ठेवा, हे सगळं एकाच वेळी व्हायला हवं असं नाही. हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसा आणि मेंदू बिघडलेले असू शकतात. म्हणून "रक्त भरपूर आहे, मग काय व्हायचंय" असं म्हणून चालत नाही.

हे जीवनसत्त्व कोणतीच वनस्पती तयार करत नाही. प्राणीही करत नाहीत. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्यापर्यंत पोचतं. त्यामुळे ते मांस, कलेजी, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच मिळतं. लाल दिसतं म्हणून आपण बीट खातो, रक्त वाढावं म्हणून खजूर, गूळ-शेंगदाणे खातो. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यात बी-१२ नाही. टाकळा, कुरडू, शेवळं, भारंगी या आपल्या पावसाळी रानभाज्यांत पुष्कळ काही आहे, पण बी-१२ नाही. नाचणीत नाही, भातात नाही, डाळीत नाही.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे वळू. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे कोणी शाकाहारी आहे? पहिल्या पावसात वळगणीचे मासे, आवणीच्या दिवसांत खेकडे, उन्हाळ्यात सुकट, बोंबील, जवळा. लहानपणी आपण हेच खाऊन वाढलो. सुकटीच्या कालवणात बी-१२ असतं, खेकड्यात तर भरपूर असतं. मग कमतरता कशी?

कारण आपल्या घरातली म्हातारी माणसं तेच खात नाहीत, जे आपण खातो. आपल्या दोन्ही तालुक्यांत वारकरी परंपरा खोलवर आहे. पन्नाशी-साठीला कितीतरी जण माळ घालतात आणि त्या दिवसापासून मासळी, अंडं सगळं बंद होतं. घरात सुकट शिजते, पण आजी-आजोबांचं ताट वेगळं असतं. आणि दूध? दावणीला म्हैस असते, पण दूध डेअरीला जातं. घरात उरतं ते चहापुरतं. जरा हिशेब करू. सरांनी शिकवलेलं अंकगणित अजून येतं मला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, अशी आपल्या देशाची २०२० सालची शिफारस आहे. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे पाव लिटर दुधात, साधारण १ मायक्रोग्रॅम असतं. तीन कप चहात मिळून नव्वद-शंभर मिलिलिटर दूध गेलं असं धरलं, तर झालं ०.४. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणजे चहा-भाकरी-डाळभातावर असलेल्या आजोबांना गरजेच्या पाचव्या हिश्शाएवढंही मिळत नाही.

मी माळ उतरवायला सांगत नाहीये. पुढच्या रांगेत बसलेल्या काहींच्या चेहऱ्यावर ती शंका दिसली म्हणून आत्ताच सांगते. त्यावरचा उपाय थोड्या वेळाने येतोच आहे.

खाण्यात नसणं हे एक कारण झालं. दुसरं कारण पोटातलं. खाल्लेलं बी-१२ अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठरात तयार होणारा एक खास घटक त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते रक्तात जातं. वय वाढलं की अनेकांच्या जठरातलं आम्ल कमी होतं. म्हणजे खाऊनही अंगी लागत नाही. त्यात आपण आणखी दोन गोष्टींची भर घालतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी. ती चांगली गोळी आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की काही जणांत बी-१२ कमी करते. आणि ॲसिडिटीसाठी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल. कधीतरी महिनाभरासाठी लिहून दिलेली ही गोळी आपली माणसं मेडिकलमधून आणून सात-आठ वर्षं घेत राहतात. या दोन्ही गोळ्या सुरू असतील, वर माळही असेल, तर त्या माणसाची तपासणी झालीच पाहिजे. मात्र माझं भाषण ऐकून कोणी मधुमेहाची गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, तपासणी करा, गोळी चालू ठेवा.

शरीराची एक सोय अशी, की यकृतात बी-१२ चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. म्हणून आज माळ घातली आणि उद्या त्रास झाला असं होत नाही. तीन-चार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा त्रास सुरू होतो आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. मग वय हेच कारण वाटतं.

ही कमतरता आपल्याकडे किती आहे, याचा सर्वांत चांगला अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातली खेडी, झोपडपट्टी आणि शहरातला मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के लोकांत. शाकाहारी माणसांत धोका चौपटीहून जास्त होता. हे पुरुष म्हातारे नव्हते, मध्यमवयीन होते. त्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास चालवला, त्यातही जवळपास दोन तृतीयांश जणींत हीच कमतरता दिसली. पुढे त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा गरोदरपणी ज्यांच्या आईचं बी-१२ सर्वांत कमी होतं ती मुलं लक्ष देण्याच्या आणि थोड्या वेळासाठी लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. म्हणजे आजीसाठी जी काळजी घ्यायची, तीच घरातल्या गरोदर सुनेसाठीही घ्यायची.

इथे मुंबईची एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिचा आपल्या औषधाच्या डब्याशी संबंध आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणात रक्तक्षयाने मरत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं, की यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क दिला की त्या बायकांचं रक्त सुधारतं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे ज्याला आपण आज फॉलिक ॲसिड म्हणतो. फार मोठा शोध होता तो आणि तो आपल्या शेजारी लागला. पण पुढे १९४०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला अशक्तपणा आला की घरात सुनेच्या बाळंतपणाच्या उरलेल्या लाल गोळ्या दिल्या जातात. त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. चेहऱ्यावर थोडी लाली येते, घरचे खूश होतात आणि पाय बधिर होत जातात.

आता मी पाहिलेल्या तीन माणसांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव, नाव, नातं काही सांगत नाही.

पहिले एक माळकरी आजोबा, पंचाहत्तरीचे. आयुष्यभर शेती केलेली. दीड वर्षात त्यांचं बोलणं कमी झालं, भजनाला जाणं बंद झालं, एकदा शेतावरून येताना रस्ता चुकले. भाताच्या खाचराच्या बांधावरून चालता येईना. आधी अंगारा झाला, मग भगताकडे नेऊन झालं. मुलं सातबाऱ्यावर नावं चढवायच्या गडबडीत होती, कारण "आता त्यांना काही कळत नाही." तपासलं तर बी-१२ अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू केली. दोन महिन्यांनी आले ते स्वतः बोलत आले. चार महिन्यांनी भजनात टाळ धरला. आणि सातबाऱ्याच्या कागदावर काय लिहायचं, ते त्यांनी स्वतः वाचून ठरवलं. मुलांच्या मनासारखं नाही ठरवलं, हेही सांगून टाकते!

दुसऱ्या एक आजी. त्यांच्या पायांना दोन-तीन वर्षं मुंग्या येत होत्या, तेल चोळणं चालू होतं. अंधारात पडायच्या. मोरीत तोंडावर पाणी घेताना डोळे मिटले की तोल जायचा. आल्या तेव्हा चालणंच थांबलेलं. उपचाराने डोकं साफ झालं, माणसं नीट ओळखू लागल्या, हाताने जेवू लागल्या. पण पाय पूर्ण परत आले नाहीत. अजून काठीशिवाय उभ्या राहत नाहीत. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात आणि फार उशीर झाला असेल तर काही भाग जातो तो जातोच.

तिसरे एक निवृत्त गृहस्थ. त्यांचंही बी-१२ कमी निघालं. भरून काढलं. हातापायांच्या मुंग्या गेल्या, पण विसरणं थांबलं नाही, वाढतच गेलं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांकडे निदान झालं, अल्झायमर. हे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण मला इथे खोटी आशा विकायची नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातल्या बहुतेकांचं कारण अल्झायमर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. बी-१२ ने ते बरे होत नाहीत. ज्याचं बी-१२ चांगलं आहे त्याने आणखी गोळ्या खाऊन बुद्धी तल्लख होत नाही, असंच मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा टीव्हीवरच्या जाहिराती पाहून "मेमरी"ची महागडी डबी आणू नका. पण अल्झायमर आहे असं ठरवण्याआधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि रक्तातलं सोडियम हे तपासलंच पाहिजे. ऐकू कमी येणं, मनाची उदासी आणि डोक्याला लागलेला जुना मार हेही पाहिलं पाहिजे. कारण यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. घरात कोणी रोज दारू पिणारं असेल, तर आणखी एक जीवनसत्त्व, बी-१ म्हणजे थायमिन, कमी पडतं आणि स्मरणशक्ती फार वाईट जाते. ते डॉक्टरांना लपवू नका.

मग नेमकं करायचं काय? वहीत लिहून घेतलं तरी चालेल, पेपर तपासायला सर आहेतच.

एक, नीट पाहा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशाला असतो हे विसरणं वेगळं. एसटीची वेळ विसरणं वेगळं आणि सरळगावला उतरल्यावर घरचा रस्ता न सुचणं वेगळं. पैशांचा हिशेब चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचा स्वयंपाक बिघडणं, माणूस एकाएकी गप्प होणं, यांतलं काही सहा महिन्यांत नव्याने दिसू लागलं असेल तर दाखवा. सोबत पायांना मुंग्या किंवा अंधारात तोल जाणं असेल तर अजिबात थांबू नका. आणि हे सगळं दोन-चार दिवसांतच एकदम झालं असेल, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दोन, आधी तपासणी, मग औषध. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. बी-१२ ची तपासणी तिथे होते का ते विचारा, नसेल तर रक्त खाजगी लॅबला द्यावं लागेल. आधीच गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून रक्त आधी द्या. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे कागदावर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला.

तीन, उपचार पूर्ण करा. त्रास जास्त असेल तर सुरुवातीला इंजेक्शनं, पुढे बहुधा गोळ्या. जठर नीट काम करत नसेल तरी मोठ्या मात्रेच्या गोळीतला थोडा भाग अंगी लागतो, म्हणून बऱ्याच जणांना गोळीही पुरते. पाच इंजेक्शनं झाली, बरं वाटलं, सोडून दिलं, असं करू नका. कारण दूर झालेलं नसेल तर कमतरता पुन्हा येते. काहींना हे औषध आयुष्यभर लागतं.

चार, आणि हे माळकऱ्यांसाठी. औषधातलं बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात. ते मासळीतून काढलेलं नसतं, मांसातूनही नाही. कॅप्सूलच्या आवरणाची शंका असेल तर साधी गोळी मागा. माळही राहील आणि बुद्धीही. त्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज दोन पेले दूध किंवा वाडगाभर दही द्या. डेअरीला घालताना त्यांचं आधी बाजूला काढा. जे खातात त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा मासळी, अंडं खावं. रक्तदाब असेल तर खारवलेली सुकट धुऊन आणि बेताने.

पाच, म्हाताऱ्या माणसाचं ताट बघा. दात नाहीत म्हणून ती चहात पाव बुडवून खातात, "भूक नाही" म्हणतात आणि आपण खरं मानतो. शेजारी बसून जेवलात तर दोन दिवसांत कळेल ती काय खातात आणि काय सोडतात.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांनी नुकतीच साठी ओलांडली आहे. काहींचे आई-वडील अजून आहेत, ते आपलं भाग्य. आणि इथे पहिल्या रांगेत आपले सर आणि बाई बसलेत, ज्यांची वयं मी सांगणार नाही, कारण बाई अजून रागावतात. आपल्या प्रत्येकाला दोन पिढ्यांचा विचार करायचा आहे, त्यांचा आणि आपला.

म्हणून एक सूचना मांडते. मेळाव्याच्या हिशेबात शिल्लक उरेल, असं खजिनदार मघाशी म्हणाले. त्यातून आपल्या सगळ्या शिक्षकांची आणि ज्यांना खर्च जड आहे अशा वर्गमित्रांच्या आई-वडिलांची बी-१२ तपासणी करू या. रक्त घेण्याची व्यवस्था आणि रिपोर्ट पाहणं माझ्याकडे, फी नाही. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाताना त्यात एक नाव लिहून जा, ज्यांच्याबद्दल घरात "वय झालं" असं म्हटलं जातंय त्यांचं.

सर, बाई, पहिली दोन-चार नावं तुमची असावीत अशी विनंती आहे. तुम्ही लिहिलीत की बाकीचे मुकाट्याने रांगेत उभे राहतील.